‘अर्धसत्य’च्या पडद्यामागे

चित्रपट पाहून झाल्यावर तो कसा तयार झाला याच्या गोष्टी ऐकण्याची हौस काही आजची नव्हे. नाटक कंपन्यांच्या काळीही रंगपटातल्या हकिकती खेळापेक्षा अधिक चवीने सांगितल्या जात. त्यातून चित्रपट गुन्हेगारीवरचा असला म्हणजे अशा गोष्टींना ऊतच येतो. ‘जंजीर’मधील (१९७३) नायकाची भूमिका अमिताभ बच्चन यांच्याकडे येण्यापूर्वी इतर नटांनी नाकारली होती, ही कथा ज्याने ऐकली नाही असा हिंदी चित्रपटाचा शौकीन विरळा. परंतु ती समजल्याने त्यातील इन्स्पेक्टर विजय आपल्याला कणभर तरी अधिक कळतो काय? मला तसे वाटत नाही. ती नशिबाची गोष्ट झाली. कलाकृतीशी तिचा संबंध योगायोगापुरता.

याच्या उलट काही माहिती अशी असते की, ती पडद्यामागे राहतच नाही. चित्रातच मुरलेली असते, आणि ती ठाऊक झाली की चित्र निराळे दिसू लागते. गोविंद निहलानी यांच्या ‘अर्धसत्य’च्या (१९८३) बाबतीत ही गोष्ट विशेषत्वाने जाणवते.

आमच्या प्रताप नगरात या चित्रपटाचा विषय निघाला की राजस्थानी मित्र निहलानींवर हक्क सांगतात, आणि तो अगदीच पोकळ नाही. निहलानी कराचीत जन्मले, आणि फाळणीनंतर त्यांचे कुटुंब आले ते उदयपूरला. मग मराठी मंडळीही मागे राहत नाहीत : मूळ कथा श्री. दा. पानवलकरांची ‘सूर्य’, पटकथा विजय तेंडुलकरांची, कविता दिलीप चित्रे यांची, खलनायक नगरचा, नायिका स्मिता पाटील! ही नामावळी म्हणून दाखविणे हा परप्रांतातील मराठी माणसाचा आवडता विरंगुळा होय. पण नुसती नामावळी ‘जंजीर’च्या त्या कथेहून फार वरच्या पायरीवर नाही. यांपैकी प्रत्येकाने चित्रपटात नेमके काय आणले, हा प्रश्न विचारला तरच तिला अर्थ येतो.

प्रथम तेंडुलकरांचे पाहू. १९७०च्या दशकात नेहरू पाठ्यवृत्ती घेऊन त्यांनी समाजातील वाढत्या हिंसेचा अभ्यास केला होता. त्याआधी, १९७२ साली, ‘घाशीराम कोतवाल’ रंगभूमीवर आले. १९७६ साली त्याचा मराठी चित्रपट निघाला आणि त्यात घाशीराम झाले ओम पुरी. म्हणजे ‘अर्धसत्य’मधील सबइन्स्पेक्टर अनंत वेलणकर होण्याच्या सात वर्षे आधी हाच नट, याच लेखकाचा, पुण्याचा कोतवाल झाला होता. ही गोष्ट मला केवळ मौजेची वाटत नाही. घाशीरामाला नाना अधिकार देतो आणि गरज सरताच जमावाच्या हवाली करतो. वेलणकराचे तसेच आहे. फक्त येथे नाना एक नाही, आणि तो दिसतही नाही. जिवावर उदार होऊन वेलणकर दरोडेखोर पकडतो, आणि श्रेय दुसऱ्याच अधिकाऱ्याच्या पदरात पडते. निलंबनाची वेळ आली असता त्याचा वरिष्ठ हैदर अली दिल्लीपर्यंत हात पोचलेल्या मध्यस्थाकरवी प्रकरण मिटवितो, आणि ते वाईट हेतूने नव्हे, हाताखालच्या माणसाबद्दलच्या मायेने! सरकारी नोकरीत केस पांढरे केलेल्या वाचकाला यातले मर्म समजावून सांगण्याची गरज नाही. ज्या मदतीने माणूस वाचतो तीच त्याच्या मानेभोवतीचा फास होते, हे इतक्या शांतपणे दाखविणारा दुसरा पोलीसपट मला आठवत नाही.

आता सदाशिव अमरापूरकर. ‘२२ जून १८९७’ (१९७९) या चित्रपटात ते लोकमान्य टिळक झाले होते. पुढे ‘हँड्स अप’ हे नाटक गाजत असताना निहलानींची नजर त्यांच्यावर गेली. (त्याच नाटकात भक्ती बर्वे होत्या, आणि त्यांचे पती शफी इनामदार हेच ‘अर्धसत्य’मधील हैदर अली. ही मात्र निव्वळ गंमत. हिच्यातून निष्पन्न काही होत नाही.) रंगभूमीवरून आल्याचा परिणाम पाहा. त्या काळचा हिंदी खलनायक गर्जना करी, अड्डा थाटून बसे. अमरापूरकरांचा रामा शेट्टी आपल्या घरात सैलावून बसलेला असतो आणि दुकानदाराने भाव सांगावा तसा बोलतो. आवाज न चढविता प्रेक्षागृह ताब्यात ठेवणे ही नाटकातली विद्या. जळालेल्या माणसाच्या जबानीवरून वेलणकर त्याला अटक करावयास येतो, तेव्हा गणवेशातला कायदा उभा असतो आणि गुन्हेगार बसलेला. शेट्टी एक दूरध्वनी करतो, आणि वेलणकराला वरिष्ठांचा हुकूम मिळतो : परत फिरा. कोणी उभे राहायचे आणि कोणी बसायचे, यावरून सत्ता कोठे आहे ते कळते. आपल्या कचेऱ्यांतही ते तसेच कळते.

अमरीश पुरी यांच्याविषयीची एक बाब या मासिकाच्या वाचकांना जवळची वाटेल. पूर्णवेळ चित्रपटांत शिरण्यापूर्वी त्यांनी कर्मचारी राज्य विमा निगमात सुमारे वीस वर्षे कारकुनी केली. संध्याकाळी ते सत्यदेव दुबे यांच्या नाटकांत असत. १९७१ साली दुबे यांनी ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हा मराठी चित्रपट काढला. त्याची पटकथा तेंडुलकरांची, छायाचित्रण निहलानींचे, आणि नटांत अमरीश पुरी. ‘अर्धसत्य’चे हे तिघे बारा वर्षांपूर्वीच एकत्र आले होते, ते मराठीत. येथे पुरी नायकाचे वडील आहेत : पोलीस खात्यातून निवृत्त झालेला, पत्नीला मारणारा, मुलाला जबरीने खाकी चढवावयास लावणारा बाप. अभिनय पहिल्या प्रतीचा, याबद्दल दुमत नाही. तथापि या बापाच्या योजनेतच चित्रपटाचे वैगुण्य आहे, असे माझे मत आहे. वेलणकराच्या रागाला बालपणाचे इतके नेटके कारण दिल्यामुळे खात्याचा वाटा हलका होतो. ज्याचा बाप हात उगारीत नव्हता असाही सज्जन अधिकारी त्या खुर्चीत बसून तसाच वागू लागला असता, हे अधिक भयंकर सत्य चित्रपटाच्या हातून निसटते.

चित्रे यांच्या कवितेने मात्र ही उणीव बरीच भरून काढली आहे. बडोद्यात जन्मलेल्या या कवीची कविता ज्योत्स्ना गोखले वेलणकराच्या हाती देते, आणि तो ती मोठ्याने वाचतो. आरंभी सहज, जरा थट्टेच्या सुरात. पुढे आवाज खाली येतो. चक्रव्यूहाची आणि तराजूच्या काट्याची ती प्रतिमा अजून त्याच्या आयुष्यात घडलेली नसते. ओम पुरी यांना त्या वर्षी उत्कृष्ट अभिनेत्याचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. ते या एका वाचनासाठीही देता आले असते.

या चित्रपटात वेलणकराच्या हातून दोन खून होतात. पहिला कोठडीतल्या क्षुल्लक चोराचा. दारूच्या नशेत, सारा अपमान त्याच्या अंगावर काढून. त्या खुनातून सुटण्यासाठीच तो शेट्टीच्या दारी जातो, आणि तेथे दुसरा खून करतो. दुसऱ्या खुनाला प्रेक्षक सुटकेचा श्वास टाकतो, कारण खलनायक मेलेला असतो. वेलणकर ठाण्यात येऊन कबुली देतो ती रामा शेट्टीच्या खुनाची. त्या चोराचे नाव चित्रगृहाबाहेर पडलेल्या कोणाही प्रेक्षकाला विचारून पाहावे.