सैनिकाची उपमा कुठवर पुरते?

स्वयंप्रतिकार रोग शिकवताना आपण बहुतेक जण एकच गोष्ट सांगतो : शरीराचे सैनिक चुकून आपल्याच माणसांवर गोळ्या झाडतात. आम्हीही ती अनेकदा सांगितली आहे. गोष्ट सोपी आहे, पण खरा प्रश्न तिच्यात झाकला जातो. एक सैनिक चुकेल. चुकणाऱ्यांची पलटण कशी उभी राहते?

प्रतिपिंडे बनवणाऱ्या बी पेशींमध्ये जनुकांचे तुकडे यदृच्छया जुळतात. त्यामुळे स्वतःच्याच रेणूंना चिकटणाऱ्या पेशी निरोगी माणसातही तयार होतात. त्यांतील बहुतेक नष्ट किंवा निष्क्रिय केल्या जातात. शेतात तण उगवतेच, खुरपणी त्याला आवरते. तेव्हा विचारायचे ते हे की, एखादे तण खुरप्यातून निसटते कसे?

मॅकफार्लेन बर्नेट यांनी १९५० च्या दशकातच अशा पेशींच्या 'निषिद्ध कुळां'ची कल्पना मांडली होती. पुरावा बराच उशिरा आला. शोग्रेन रोगात डोळे व तोंड कोरडे पडते. काही रुग्णांत प्रतिपिंडे थंडीने साकळतात आणि रक्तवाहिन्यांचा दाह होतो. सिडनीच्या गारव्हान संस्थेतील संशोधकांनी अशा रुग्णांच्या रक्तातील बी पेशी एकेक करून तपासल्या. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या या कामात उपद्रवी पेशींची वंशावळच सापडली. पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्यात उत्परिवर्तने साठत गेली होती. काहींनी वाढीवरचा लगाम सैल केला होता. हीच उत्परिवर्तने लसीका पेशींच्या कर्करोगातही आढळतात. दुसऱ्या काहींमुळे प्रतिपिंडे थंडीत साकळू लागली होती.

म्हणून स्वयंप्रतिकार रोग म्हणजे कर्करोगच, असे मात्र सांगू नये. हे रुग्ण मोजकेच होते आणि इतर रोगांत आनुवंशिकता, जंतुसंसर्ग, टी पेशी यांचाही वाटा असतो. पण नाते खरे आहे. बी पेशी नष्ट करणारे रिटुक्सिमॅब हे औषध अमेरिकेत १९९७ साली लसीका-कर्करोगासाठी मान्य झाले आणि २००६ साली संधिवातासाठीही.

वर्गातल्या एखाद्या मुलीच्या आईला असा रोग असू शकतो. 'तिचे शरीरच तिचे शत्रू झाले' हे ऐकून ती घरी काय घेऊन जाईल? त्यापेक्षा फळ्यावर एका पेशीची वंशावळ काढावी आणि कोणत्या फांदीवर काय बदलले ते दाखवावे. शत्रू म्हटले की विचार थांबतो. वंशावळ पाहिली की मुले पुढचा प्रश्न विचारतात.