हिशेब जुळला, पण औषध मिळालं का?

सरकारी दवाखान्याचा कारभार तपासायचा म्हटलं की आपण आधी वही उघडतो. पैसा किती आला, कुठे गेला, पावती आहे का. हे हवंच. पण पावत्या चोख असूनही रुग्णाला गोळ्या बाहेरून आणाव्या लागल्या, तर वही गप्पच राहते.

ही उणीव ओळखून २००७ साली महाराष्ट्रातील पाच जिल्ह्यांत लोकाधारित देखरेख सुरू झाली. उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, त्यांपैकी एक. गावाने सेवेला लाल, पिवळा वा हिरवा शेरा द्यायचा आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांनी उत्तर द्यायचं.

कल्पना उत्तम, पण आमचा आक्षेप तिच्या पायावर आहे. देखरेखीचा खर्च आरोग्य अभियानाच्याच निधीतून व्हायचा. ज्याला जाब विचारायचा, त्याच्याच तिजोरीवर विचारणारा अवलंबून!

मग कायद्याचा पाया घ्या. १९६१ च्या अधिनियमाने जिल्हा परिषदेला लोकनियुक्त सदस्यांची आरोग्य समिती दिली. मार्च २०२२ मध्ये परिषदेची मुदत संपली आणि मुख्य कार्यकारी अधिकारीच प्रशासक झाले. खर्च करणारा आणि खर्चाला मंजुरी देणारा एकच! इथे माणूस प्रामाणिक आहे की नाही, हा प्रश्नच गौण ठरतो. स्वतःला विचारलेला जाब हा जाब नसतो.

सभागृह पुन्हा भरलं तरी विचारण्याची सवय आपोआप परतत नाही. ती ग्रामसभेतच लावावी लागेल: आधी औषधाचं विचारू, मग पावती मागू.