‘स्मृतिचित्रे’ : लज्जा आणि कृपा

लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मकथनाची चर्चा बहुधा त्यातील निर्व्याज निवेदन, विनोद आणि टिळकांचे लोभस व्यक्तिचित्र यांभोवती फिरते. धर्मांतर हा त्यातील एक प्रसंग म्हणून नोंदला जातो आणि विनोदाचा विचार त्यापासून वेगळा केला जातो. वस्तुतः ही दोन अंगे परस्परांपासून तोडता येत नाहीत.

ख्रिस्ती आत्मवृत्ताचा रूढ क्रम पापाची जाणीव, पश्चात्ताप आणि क्षमा असा असतो. ‘स्मृतिचित्रे’त तो आढळत नाही, कारण येथील मूळ व्यथा पापाची नसून लज्जेची आहे. पापात मनुष्य आपल्या कृतीकडे पाहतो; लज्जेत तो इतरांच्या डोळ्यांनी स्वतःकडे पाहतो. १० फेब्रुवारी १८९५ रोजी ना. वा. टिळकांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाईंच्या हातून कोणताच अपराध घडला नव्हता. तरीही पती हयात असून संसार नाही, सौभाग्य असून घर नाही, अशी त्यांची अवस्था झाली. या अवस्थेला रूढीपाशी नाव नव्हते. दया आणि कुजबुज मात्र भरपूर होती. जो अपराधच नाही त्याची क्षमा मागता येत नाही, म्हणून अशा दुःखाला पश्चात्ताप हा उतारा नव्हे.

ग्रंथारंभीचे वडिलांच्या सोवळ्याचे चित्र या दृष्टीने अर्थपूर्ण ठरते. १८५७ च्या धामधुमीत आप्ताला झालेल्या फाशीनंतर त्यांचे सोवळे विकोपास गेले. मीठ-साखरदेखील धुतल्याशिवाय घरात येईना. कलंकाचे भय धुऊन जात नाही, उलट धुण्याने वाढते, हे या विनोदी वाटणाऱ्या वर्णनाचे मर्म होय. लक्ष्मीबाईंनीही पतीकडे परतल्यावर काही काळ आपले सोवळे जपले. पुढे जातिभेद मनुष्यकृत आहे अशी त्यांची खात्री पटली, स्पर्शास्पर्श सुटला, आणि त्यानंतर १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. हा क्रम महत्त्वाचा आहे. त्यांच्या बाबतीत लज्जामुक्ती ही धर्मदीक्षेची फलश्रुती नसून तिची पूर्वतयारी होती.

विनोद हा लक्ष्मीबाईंचा उपजत स्वभाव होता, त्यात कृपेचा संबंध काय, असा आक्षेप संभवतो. विनोद उपजत असेल. परंतु त्याचा रोख उपजत नसतो. मानहानी सोसलेल्या व्यक्तीचा विनोद सहसा बोचरा होतो. येथे वडील, पती, नातलग आणि स्वतः लेखिका यांच्याकडे एकाच ममतेने पाहिले आहे. पात्रता न तपासता केलेला स्वीकार हा कृपेचा अर्थ घेतल्यास, ती येथे सिद्धान्तरूपाने सांगितलेली नसून निवेदनाच्या दृष्टीत उतरलेली आहे.

अर्थात परावलंबन, दारिद्र्य आणि वियोग बाप्तिस्म्याने संपले नाहीत, आणि ग्रंथ तसा दावाही करीत नाही. संपली ती इतरांच्या नजरेची सत्ता. शालेय शिक्षण जवळजवळ न लाभलेल्या या स्त्रीने टिळकांच्या निधनानंतर (१९१९) त्यांचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ पुढे नेले, हे त्याचेच प्रत्यंतर मानावे लागेल.