अरुणा शानबाग निकालपत्र : मेंदूच्या प्रतिमा आणि काळाचा प्रश्न

मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांचा २७ नोव्हेंबर १९७३ रोजी हल्लेखोराने साखळीने गळा आवळला आणि मेंदूचा प्राणवायू खंडित झाला. पिंकी विराणी यांची दयामरणाची याचिका सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी फेटाळली. मात्र उच्च न्यायालयाच्या अनुमतीने निष्क्रिय दयामरणाचा मार्ग खुला केला. मेंदूमृत्यू, कोमा आणि चिरस्थायी वनस्पतीवत अवस्था यांतील भेद निकालपत्राने स्पष्ट केला, हे त्याचे श्रेय. तथापि त्याच्यापुढे होती ती सदतीस वर्षे स्थिरावलेली अवस्था.

अतिदक्षता विभागातील पहिल्या आठवड्याचा प्रश्न निराळा असतो : रुग्ण शुद्धीवर येईल काय? दुसऱ्या ते सातव्या दिवसांतील एमआरआय मेंदूची व्यापक इजा दाखवू शकते. परंतु हृदय बंद पडून वाचलेल्या बेशुद्ध रुग्णांसाठीची २०२१ची युरोपीय मार्गदर्शक तत्त्वे केवळ प्रतिमेवर विसंबत नाहीत. ७२ तासांनंतरही बाहुल्यांचा प्रतिसाद, ईईजी यांसारखे आणखी किमान एक प्रतिकूल लक्षण मागतात. बुलडाण्याहून अकोल्याला हलविलेल्या रुग्णाच्या नातलगांपुढे नुसता एमआरआय अहवाल ठेवून या निकालाचा दाखला देणे त्यामुळेच गैरलागू ठरते. उपचार थांबविल्यावर ते भाकीत चुकीचे होते काय, हे पडताळण्याची संधीच उरत नाही.