बोलपटातला अबोल नायक : मास्टर विठ्ठल

'आलम आरा'चा विषय निघाला की मास्टर विठ्ठल यांचं नाव बहुधा एका विनोदापुरतं येतं. पहिल्या बोलपटाचा नायक, आणि नेमकं त्यालाच बोलता येईना! उर्दू उच्चार जमेनात, म्हणून बऱ्याच प्रसंगांत त्यांना गुंगीत किंवा अर्धवट शुद्धीत दाखवलं, संवाद कमीत कमी ठेवले, अशी ती हकीकत. मला आज नंदुरबारात तिच्याकडे जरा दुसऱ्या बाजूने बघायचंय. इथे समोर बसलेल्या अनेकांच्या घरी अहिराणी, भिली, पावरी किंवा गुजरी बोलतात, आणि शाळेत-कचेरीत मराठी. एका उच्चारावरून माणूस कसा जोखला जातो, हे तुम्हाला मी काय सांगायचं?

विठ्ठल कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीतून, म्हणजे बाबूराव पेंटरांच्या मुशीतून आलेले. पुढे मुंबईच्या शारदा कंपनीत मूकपटांचे मोठे नायक झाले. प्रेमवीर म्हणा, तलवारबहाद्दर म्हणा, 'हिंदुस्थानचा डग्लस फेअरबँक्स' अशी त्यांची ओळख होती. भाव इतका की शारदा सोडताना करारभंगाचा खटला उभा राहिला. त्यांचे वकील होते मोहम्मद अली जिना, आणि विठ्ठल तो जिंकले.

14 मार्च 1931 ला गिरगावच्या मॅजेस्टिकमध्ये 'आलम आरा' लागला. जोसेफ डेव्हिड यांच्या नाटकावरचा चित्रपट, म्हणजे पारशी रंगभूमीची भारदस्त उर्दू आलीच. ख, ग, क यांचे घशातून येणारे उच्चार कोल्हापूरच्या जिभेला कुठून असणार? पण माझ्या मते अडचण एवढीच नव्हती. ध्वनिमुद्रण कसं व्हायचं ते बघा. स्टुडिओजवळून आगगाड्या जायच्या, म्हणून चित्रण रात्री उशिरा. आवाज तिथल्या तिथे फिल्मवर उतरायचा, डबिंग नव्हतंच. माइक कुठेतरी आडोशाला लपवलेला, आणि नटाने त्याच्या आसपासच राहायचं. ज्याचं सगळं भांडवल धावण्यात, उडी मारण्यात, त्याला यंत्राने खुंटीला बांधलं! उच्चाराचा दोष लोकांना ऐकू आला. पाय बांधले गेले, ते कोणाच्या लक्षात आलं नाही.

आणखी एक गोष्ट. इंपीरियलची सर्वांत मोठी तारका सुलोचना, म्हणजे रूबी मायर्स. हिंदुस्थानी येत नाही म्हणून तिला ही भूमिका मिळाली नाही, झुबेदा आली. मग विठ्ठल कसे चालले? नायकासाठी आधी मेहबूब खानचा विचार झाला होता. पण विठ्ठल यांच्या नावावर तिकिटं खपत होती! अर्देशिर इराणी धंदा जाणत होते. नाव वापरलं, आवाज झाकला. सुलोचनाने वर्षभर भाषा शिकून पुनरागमन केलं. विठ्ठल यांनी उर्दूतला नायक होण्याचा हट्ट धरला नाही. 1933 मध्ये ते 'आवारा शहजादा'चे दिग्दर्शक झाले, आणि पडद्यावर दुहेरी भूमिका होती शाहू मोडक यांची. पुढे भालजी पेंढारकरांच्या 'नेताजी पालकर'मध्ये, 1939 साली, ते मराठीत दिसले. भाषा घरची, पोशाख मावळ्यांचा. तिथे त्यांच्या उच्चारावर कोणी हसलं असेल असं मला वाटत नाही. त्यानंतर भूमिका लहान होत गेल्या. 1969 मध्ये ते गेले.

आता खरी पंचाईत अशी, की 'आलम आरा'ची एकही प्रत उरलेली नाही. छायाचित्रं आहेत, जाहिराती आहेत, आवाज नाही. म्हणजे आपण ज्या उर्दूला हसतो ती आज कोणीही ऐकलेली नाही. मी तर नाहीच नाही. तरी निकाल मात्र पक्का, पुस्तकामागून पुस्तकात उतरवलेला!

कुठे एखादं रीळ सापडलंच, तर मी आधी झुबेदाची गाणी ऐकणार नाही. ते गुंगीतले प्रसंग बघेन. बाकीचे सगळे माइकच्या बाजूला तोंड करून खणखणीत बोलत असताना हा मूकपटातला माणूस नुसत्या डोळ्यांनी काय करतोय, ते बघेन.