वस्ताद, पठ्ठा आणि बॉट : ‘बीजीएमआय’मधील नवख्या खेळाडूच्या शिक्षणाची समीक्षा

बीजशब्द : व्हिडिओ गेम, नवखा खेळाडू, तालीम, अध्ययन, संघभावना

१. प्रास्ताविक

खेळाची समीक्षा बहुधा जिंकणाऱ्याच्या बाजूने केली जाते. कौशल्य, डावपेच, विक्रम या अंगांनी खेळाचे मोल ठरविले जाते. परंतु पहिल्याच दिवशी हरणाऱ्या नवख्याला तो खेळ काय देतो, हा प्रश्न मागे राहतो. योहान हुइझिंगा यांनी १९३८ मध्ये ‘होमो लुडेन्स’ या ग्रंथातून खेळाला संस्कृतीच्या अभ्यासात स्थान मिळवून दिले. जेम्स पॉल जी यांनी २००३ मध्ये व्हिडिओ गेमकडे अध्ययनाचे साधन म्हणून पाहिले. उत्तम गेम हा खेळता खेळता शिकवितो, हे त्यांच्या विवेचनाचे सूत्र होय. प्रस्तुत लेखात ‘बॅटलग्राउंड्स मोबाईल इंडिया’ अर्थात बीजीएमआय हा गेम एक संहिता मानून तो नवख्याला कसा शिकवितो, याची चिकित्सा केली आहे.

या चिकित्सेसाठी सांगली जिल्ह्यातील वाळवा तालुक्यातील आष्टा व त्याभोवतीचा कृष्णा-वारणा पट्टा ही पार्श्वभूमी घेतली आहे. हा कुस्तीचा मुलूख आहे. १९६४ चे हिंदकेसरी मारुती माने याच परिसरातील कवठे पिरानचे. येथील अनेक घरांत आजोबांनी तालमीची माती अंगाला लावलेली असते आणि नातू मोबाईलवर बीजीएमआय खेळत असतो. नवख्याला घडविण्याच्या या दोन रीती शेजारी ठेवून पाहता येतात, हे या परिसराचे वैशिष्ट्य होय.

२. खेळाचे स्वरूप

ब्रेंडन ग्रीन यांच्या कल्पनेतून साकारलेला ‘पबजी’ हा गेम २०१७ मध्ये संगणकावर आणि २०१८ मध्ये मोबाईलवर आला. २०१६ मध्ये जिओ सेवा सुरू होऊन इंटरनेट स्वस्त झाले होते. त्यामुळे महागडा संगणक नसलेल्या ग्रामीण तरुणापर्यंत हा गेम सहज पोहोचला. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र शासनाने ज्या ११८ ॲपवर बंदी घातली, त्यांत पबजी मोबाईलचा समावेश होता. जुलै २०२१ मध्ये बीजीएमआय हे त्याचे भारतीय रूप आले, जुलै २०२२ मध्ये तेही रोखले गेले आणि मे २०२३ मध्ये परतले. परतताना अल्पवयीनांसाठी दिवसाला ३ तास व प्रौढांसाठी ६ तास अशी कालमर्यादा घालण्यात आली.

खेळाचा मुख्य प्रकार सर्वश्रुत आहे. सुमारे १०० खेळाडू विमानातून बेटावर उतरतात, शस्त्रे शोधतात, सुरक्षित वर्तुळ लहान होत जाते आणि अखेरीस एक खेळाडू अथवा एक संघ उरतो. शिक्षणाच्या दृष्टीने या रचनेत मूलभूत अडचण आहे. नवखा दहा मिनिटे घरे धुंडाळतो आणि प्रत्यक्ष चकमकीत काही सेकंदांत बाद होतो. ज्या गोष्टीचा सराव हवा, तिच्या वाट्याला सर्वांत कमी वेळ येतो. आपण कोठून व कशामुळे मारलो गेलो, हेही त्याला पुष्कळदा उमगत नाही.

३. बॉट : झाकलेली सवलत

या अडचणीवर गेमने शोधलेला उपाय म्हणजे बॉट, अर्थात संगणकचालित खेळाडू. खालच्या श्रेणीच्या सामन्यांत त्यांचा भरणा असतो. ते उघड्यावर उभे राहतात, गोळी झाडताना थबकतात, त्यांचा नेम चुकतो. २०२० मध्ये संगणकावरील पबजीतही नवख्यांना सावरण्यासाठी बॉट आणले गेले. हेतू वाईट नाही. सतत हरणारा माणूस खेळ सोडून देतो, हे उघड आहे.

आक्षेप आहे तो सवलत देण्याच्या रीतीवर. मोबाईलवरील बॉटला माणसासारखे नाव असते. आपण यंत्राला हरवितो आहोत की माणसाला, हे नवख्याला सांगितले जात नाही. परिणामी तो ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड अशा पायऱ्या भराभर चढतो आणि हे यश स्वतःच्या कौशल्याचे आहे असे मानू लागतो. पुढे प्लॅटिनम-डायमंडच्या टप्प्यावर खऱ्या खेळाडूंचे प्रमाण वाढते, तेव्हा त्याच्या सवयी त्याच्याच विरोधात जातात. आडोसा न घेता धावणे, पावलांच्या आवाजाकडे दुर्लक्ष करणे, एकाच खिडकीतून पुन्हा पुन्हा डोकावणे, हे सारे बॉटसमोर खपून गेलेले असते.

वुड, ब्रूनर आणि रॉस यांनी १९७६ मध्ये शिकणाऱ्याला दिल्या जाणाऱ्या आधारासाठी बांधकामाच्या परांचीची उपमा रूढ केली. परांची डोळ्यांना दिसते, म्हणून ती टप्प्याटप्प्याने उतरविता येते. बॉटचा आधार दिसत नाही. तो काढला जातो तेव्हा नवख्याला आधार गेल्याचे कळत नाही. आपणच अचानक वाईट खेळू लागलो, एवढेच त्याला जाणवते.

४. तालमीतील जोर : उघड सवलत

तालमीतही नवख्याला सवलत दिली जाते. वस्ताद नव्या पोराला एखाद्या तयार मल्लाबरोबर जोर करायला उतरवितो. तो मल्ल पूर्ण ताकद लावत नाही. पोराला अंगावर घेऊन खेळवितो, पट काढू देतो, मग प्रतिडाव दाखवितो. परंतु ही सवलत दोघांनाही ठाऊक असते. आपण या मल्लाला पाडले, असा गैरसमज पोराच्या मनात राहत नाही. त्याच्या पाठीला समोरच्याची खरी ताकद जाणवलेली असते, आणि आज ती कालपेक्षा थोडी अधिक लागली, हेही त्याला कळते. व्हिगॉट्स्की यांची ‘निकट विकासाचे क्षेत्र’ ही संकल्पना, म्हणजे शिकणाऱ्याला एकट्याने जे जमत नाही परंतु जाणत्याच्या साहाय्याने जमते, ते येथे मातीत उतरलेले दिसते.

दुसरा भेद सरावाच्या पुनरावृत्तीचा आहे. जोर करताना पाठ टेकली तर मल्ल उठून पुन्हा भिडतो. निकाल मैदानात लागतो, तालमीत नव्हे. बीजीएमआयमध्ये याच्या जवळ जाणारा प्रकार म्हणजे ‘टीम डेथमॅच’. चार विरुद्ध चार अशा या लढतीत बाद झालेला खेळाडू लगेच परत येतो व ४० बळी प्रथम घेणारा संघ जिंकतो. बंदुकीचा धक्का सावरणे, डोके वर न काढता कोपरा पाहणे, एम४१६ सारखी सुलभ व एकेएम सारखी उसळणारी बंदूक यांतील फरक हाताला कळणे, हे सारे येथे अल्पावधीत घडते. तथापि गेमची सारी प्रतिष्ठा मुख्य प्रकारातील श्रेणीभोवती गुंफलेली आहे. नवखा तिकडेच धावतो.

५. चौघांचा संघ

गेमच्या रचनेत शिक्षणाला अनुकूल अशी एक मौलिक गोष्ट आहे. संघात खेळताना घायाळ झालेला खेळाडू तत्काळ बाद होत नाही. तो रांगू शकतो आणि सोबत्याने जवळ येऊन सुमारे दहा सेकंद दिले तर पुन्हा उभा राहतो. नवख्याची चूक भरून काढण्याची सोय नियमातच आहे. मात्र त्यासाठी कोणीतरी थांबावे लागते. बाद झाल्यावरही सोबत्याच्या नजरेतून उरलेला सामना पाहता येतो. लेव्ह आणि वेंगर यांनी १९९१ मध्ये ज्याला परिघावरचा अधिकृत सहभाग म्हटले, त्याचे हे बोलके उदाहरण होय. महाराष्ट्रातील शहरांत २००० च्या दशकात सायबर कॅफेतून ‘काउंटर-स्ट्राईक’ खेळणारे तरुणही असेच शिकले. फेरी संपेपर्यंत बाद खेळाडूला पाहत बसावे लागे, आणि चूक दाखविणारा शेजारच्याच खुर्चीवर असे.

परंतु श्रेणीपद्धती या सोयीच्या आड येते. नवख्याला सोबत घेणाऱ्या जाणत्याचे गुण घटण्याचा धोका असतो. म्हणून नवखा अनोळखी संघात जातो. तेथे दिशा सांगण्याची ‘दोनशे चाळीसवर दोघे’ अशी होकायंत्राच्या अंशांची भाषा त्याला अवगत नसते; उत्तरादाखल मायक्रोफोनवरून शिव्या मिळतात. मुलींच्या बाबतीत तर आवाज ओळखला जाणे हेच त्रासाचे कारण ठरते, आणि मायक्रोफोन बंद ठेवणारीला संघाकडून शिकण्याचा मार्गही बंद होतो.

६. तुलनेची मर्यादा

तालमीचे उदात्तीकरण येथे अभिप्रेत नाही. वस्तादाची भाषा नेहमीच मवाळ नसते, मारही खावा लागे, आणि मुलींना आखाड्याचे दार दीर्घकाळ बंद होते. निनावी बॉट कोणाची जात, लिंग वा गाव विचारत नाही, हा त्याचा गुण मान्य करावा लागतो. तसेच कुस्तीने शरीर घडते, मोबाईलने नाही, हा भेदही दृष्टिआड करता येत नाही. तुलना आहे ती केवळ नवख्याला वागविण्याच्या रीतीची.

७. समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येते की, बीजीएमआय हा गेम नवख्याला टिकवून धरतो, परंतु पुरेसा घडवीत नाही. सवलत झाकून ठेवल्याने खोटा आत्मविश्वास निर्माण होतो आणि श्रेणीच्या धास्तीने जाणता खेळाडू नवख्यापासून दुरावतो. बॉटची ओळख उघड करणे आणि नवख्याला सांभाळून घेणाऱ्या खेळाडूची श्रेणी न घटविणे, हे दोन बदल रचनेच्या आवाक्यातील आहेत.

डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र शासनाने ई-स्पोर्ट्सला बहुक्रीडा स्पर्धांच्या कक्षेत घेतले, आणि २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या कायद्याने ई-स्पोर्ट्स व पैशांचे ऑनलाईन खेळ यांत भेद केला. हे खेळ उद्या महाविद्यालयीन जिमखान्यात आले तर केवळ स्पर्धा भरवून भागणार नाही. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याशेजारी तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी बसविणे, सामन्यानंतर दहा मिनिटे चुकांची चर्चा करणे, मायक्रोफोनवरील भाषेला नियम लावणे आणि मुलींना त्यात निर्धास्तपणे बोलता येणे, एवढी व्यवस्था तरी करावी लागेल. जाणत्याने नवख्यासाठी ताकद आवरून धरणे आणि तसे त्याला कळू देणे, ही तालमीची रीत आष्टा परिसराला नवी नाही. ती पडद्यावरच्या खेळातही आणता येण्याजोगी आहे.