तंतुमेघ ओळखावा कसा?

एका शाळेत सहावीच्या मुलीने आकाशाचे चित्र काढताना विमानामागची पांढरी रेघ दाखवली व शेजारी 'ढग' असे लिहिले. बाईंनी फुली मारली. ती वही पाहून आम्ही जागतिक हवामान संघटनेचा 'आंतरराष्ट्रीय मेघ अ‍ॅटलास' पुन्हा उघडला. पहिला अ‍ॅटलास 1896 सालचा. 2017 ची आवृत्ती इंटरनेटवर सर्वांना खुली आहे. तिच्यानुसार मुलगी बरोबर ठरते, मात्र रेघ निदान दहा मिनिटे टिकायला हवी. तिचे नाव सिरस होमोजेनिटस, म्हणजे माणसामुळे जन्मलेला तंतुमेघ.

अ‍ॅटलासमध्ये सिरसच्या, म्हणजे तंतुमेघाच्या, पाच जाती आहेत. चित्रे उत्तम आहेत, आणि वर्गात दाखवायला आम्ही अन्सायनस निवडू. हा स्वल्पविरामासारखा दिसतो. वरच्या आकड्यापाशी हिमस्फटिक जन्मतात. उणे 38 अंशांच्या खाली पाण्याचे सूक्ष्म थेंब धूलिकणांच्या मदतीवाचूनही गोठतात. स्फटिक भोवतालची वाफ घेऊन वाढतात, जड होतात आणि पडू लागतात. खाली वारा बहुधा मंद असतो, त्यामुळे पडणारे स्फटिक मागे रेंगाळतात व शेपटी लांबत जाते. म्हणजे शेपटी हे चक्क पडणारे हिम आहे! जमीन गाठण्याच्या कितीतरी आधी, कोरड्या हवेत त्याची थेट वाफ होते. स्थिर छायाचित्रात हे पडणे दिसत नाही, आणि मुलांना तर ढग म्हणजे तरंगणारा कापूस वाटतो.

आमची खरी तक्रार नावांबद्दल आहे. जाती ठरतात रूपावरून. पण विमानाची रेघ वाऱ्याने पसरून नैसर्गिक तंतुमेघासारखी दिसू लागली, की नावाला होमोम्युटॅटस हे पद जोडायचे. अर्ध्या तासाने अंगणात आलेल्या निरीक्षकाने हे ओळखावे कसे? इथे रूप पुरत नाही, ढगाचा इतिहास माहीत असावा लागतो. स्पिसॅटस या दाट, सूर्यासमोर करड्या दिसणाऱ्या जातीचेही पुष्कळदा असेच होते. वैशाखात वळवाचा पाऊस पडून गेल्यावर गडगडाटी ढगाच्या ऐरणीसारख्या माथ्याचा उरलेला भाग आपल्याकडे संध्याकाळी पसरलेला दिसतो. तो कोणत्या ढगातून आला हे नावातच सांगण्याची सोय अ‍ॅटलासने केली आहे: क्युम्युलोनिंबोजेनिटस. शब्द जिभेवर बसत नाही हे खरे! पण आपल्या शाळांतले तक्ते तो गाळतात तेव्हा ढगाच्या जन्माची हकीकतही गळते. उरते फक्त 'पिसासारखे ढग'.

तेव्हा अ‍ॅटलास वर्गात जरूर वापरावा, पण नाव शोधण्याआधी मुलांकडून एकाच ढगाची दहा-दहा मिनिटांनी तीन-चार चित्रे काढून घ्यावीत, प्रत्येकाखाली वेळ लिहून. त्या मुलीच्या वहीत चित्र एकच होते, आणि रेघ किती वेळ टिकली हे तिला कोणी विचारलेच नव्हते.